पेवातली कोरडी वाईन

माझं माहेर कोपरगावकडचं, म्हणजे उसातलं. आमच्याकडे दारात आलेल्याला नुसतं पाणी देत नसत, आधी हातावर गुळाचा खडा ठेवत. आमटीत गूळ, कारल्यात गूळ, आणि कुणी कडू बोललंच तर त्याच्या हातावर पुन्हा गूळ. अशा घरातली मुलगी वडिलांनी पारनेर तालुक्यात दिली. जमीन भरपूर आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते आणि ते खोटं नव्हतं. त्या जमिनीत मातीपेक्षा मुरूम जास्त आहे, एवढंच सांगायचं राहून गेलं. सासरी पहिल्याच दिवशी पानात हुलग्याची शेंगोळी आली. मी गूळ मागितला, तर सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. पण मी तक्रार करणारी बाई नाही. मी भांडणारी बाई आहे, आणि इथल्या लोकांना त्याची सवय व्हायला फार दिवस लागले नाहीत.

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत काढली. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. घरात पगार येत होता म्हणून मागच्या माळाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथंच तिचं लग्न झालं. मग ह्यांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, सुटलो एकदाचे. आता पुणं. नळाला पाणी, इमारतीला लिफ्ट, मनात आलं की नाटक. आणि ह्या माणसानं काय करावं? माळावर खांब रोवले, तारा ओढल्या आणि द्राक्षं लावली.

खायची द्राक्षं असती तर मी तोंड मिटून खाल्ली असती. ही वाईनची होती. पांढरी. मणी हरभऱ्याएवढे, साल जाड, आत बिया, आणि चव अशी की पाहुण्यांपुढे ठेवली तर पाहुणे पुन्हा यायचे नाहीत. जात फ्रान्सकडची, शेनिन ब्लाँ. गावानं ह्या नावाचं जे काही केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या लागतात, उन्हाळ्यातली खरड छाटणी आणि दसऱ्याच्या सुमाराची गोडी छाटणी. हे दुसरं नाव ऐकून मला जरा बरं वाटलं होतं. चला, ह्या घरात एक तरी गोष्ट गोड आहे. ती गोडी शेवटी कुठं जाते ते मला पहिल्या हंगामानंतर कळलं.

त्या हंगामात माझा भाऊ बाग बघायला आला. तो ऊसवाला माणूस. ह्यांनी द्राक्ष चिरडून त्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि साखर किती भरलीय ते त्याला दाखवलं. उसाच्या रसाची साखरही अशीच बघतात, त्यामुळे भाऊ एकदम खुलला. दाजी, हे तर आमच्या उसाच्या वर गेलं की, म्हणाला. मग ह्यांनी पुढचं सांगितलं. ही सगळी साखर यीस्टला खाऊ द्यायची. जिभेला लागेल इतकीसुद्धा उरू द्यायची नाही, तेव्हा ती वाईन ड्राय होते, म्हणजे कोरडी. भाऊ लगेच जायला उठला. जाताना मला गाडीपाशी घेऊन गेला आणि हळूच विचारलं, दाजींची तब्येत बरी आहे ना?

आमच्या तालुक्यात कोरडं हा शब्द कुणी हौसेनं वापरत नाही. विहीर कोरडी, तळं कोरडं, बोअर कोरडं, झालं. हे मात्र तो शब्द इतक्या कौतुकानं उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलीचं नाव आहे.

वाईन आम्ही घरी करत नव्हतो, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच भट्टी येते. ह्यांच्या ओळखीच्या एकाची लहानशी वायनरी आहे, परवान्याची. तिथली एक टाकी भाड्यानं घ्यायची. द्राक्षं टेम्पोतून जायची, बाटल्या टेम्पोतून यायच्या. कागद सगळे रीतसर. पहिल्या बाटल्या आल्या तेव्हा ज्यांनी ज्यांनी ती चाखली त्यांनी त्यांनी वाहवा केली. शहरातले लोक डोळे मिटून मान हलवायचे. गावातले म्हणायचे, सर्दीला गुणकारी असंल. बाटली मात्र कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. हे ह्यांना कळत होतं. बोलत नव्हते, पण कळत होतं.

मग पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातून एक गृहस्थ आले. वाईन पारखून विकत घेणं हेच त्यांचं काम. भर मे महिन्यात कोट घालून आलेले. त्यांनी ग्लास गोल फिरवला, त्यात नाक घातलं, घोट तोंडात खळखळवला आणि माझ्या सारवलेल्या अंगणात थुंकला. मी आत निघून गेले, नाहीतर माझं तोंड सुटलं असतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आंबटपणा फार आहे, थोडी साखर मागं ठेवा, गिऱ्हाइकाला तेच आवडतं. पांढरी वाईन वर्षाच्या आत पिऊन संपवायची असते, ती ठेवायची वस्तू नाही. आणि बाटलीवर नगर जिल्हा ठळक लिहू नका. वाईन म्हटलं की लोकांना नाशिक ठाऊक आहे, नगर वाचलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टँकर येतो. चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला, दोन्ही वेळा जास्त साखर घालून.

ते गेल्यावर हे ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, आता तरी डोकं ठिकाणावर येईल. कुठलं काय. उठून आत आले आणि म्हणाले, ठेवायची. ह्या वर्षीची सगळी ठेवून द्यायची, पाच वर्षं. त्या वर्षी पाण्याची फार ओढ झाली होती, शेततळ्याचा तळ दिसत होता, घड लहान राहिले होते, आणि ह्यांच्या मते आजवरची सगळ्यात चांगली वाईन तीच होती. ती आत्ता दातांना झोंबते ते तिचं वय कोवळं आहे म्हणून, आणि हाच आंबटपणा तिला वर्षानुवर्षं सांभाळेल. साखर सगळं झाकून टाकते, जीभ साखरेपाशीच थांबते. साखर काढली की मग माळ बोलायला लागतो. मी म्हटलं, माळ काय बोलतो ते मी लग्न झाल्या दिवसापासून ऐकते आहे.

आतल्या आत मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, हेही सांगते. माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे, नुसतं लिंबू आणि मीठ. पहिल्या वर्षी ते लोणचं तोंडात धरवत नाही. दुसऱ्या वर्षी बरं लागतं. चौथ्या-पाचव्या वर्षी फोड काळी होते, मऊ होते आणि आजारी माणूस तेवढ्यावर भात खातो. ते कसं होतं ते मला माहीत होतं. पण ते ह्यांच्यासमोर कबूल करणं म्हणजे पुणं आणखी पाच वर्षं लांबवणं, म्हणून मी गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणजे काय ते ह्यांना बरोबर कळतं.

प्रश्न असा होता की ठेवायची कुठं. तिला बारा महिने सारखा गारवा लागतो आणि आमच्या पत्र्याच्या घरात एप्रिलमध्ये भांड्याला हात लावला तर चटका बसतो. तेव्हा ह्यांना पेव आठवलं. आमच्या घरांच्या मधोमध जमिनीच्या पोटात खणलेली जोंधळ्याची कोठी आहे. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल, आणि आत खोलीएवढी जागा. जोंधळा भरून वर दगड ठेवायचा, शेणमातीनं लिंपायचं आणि विसरून जायचं. आता जोंधळा पोत्यातून येतो नि पोत्यातून जातो, त्यामुळे पेव कित्येक वर्षं रिकामं पडलं होतं. आत उतरलं की उन्हाळ्यातसुद्धा अंगावर काटा येतो, इतकं गार.

पण पेव आमच्या एकट्याचं नाही, भावकीचं आहे. आणि भावकीत शब्द चालतो तो माझ्या थोरल्या दिरांचा. दारूचं नाव निघालं तर उठून जाणारा माणूस. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती, मी त्यासाठी देवाला नारळही बोलले होते. दिरांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, पेवाची रीत मोडायची नाही. एकदा लिंपलं की ठरल्या सालाच्या आधी उघडायचं नाही. आणि उघडलं की आधी भावकीतल्या प्रत्येक घराला एकेक मापटं मोजून द्यायचं, मग आपल्या घरात न्यायचं. मापटं म्हणजे धान्य मोजायचं पितळेचं भांडं. ह्यांनी मान हलवली. आत जोंधळा नसणार, बाटल्या असणार, हे त्या वेळी दोघा भावांपैकी कुणाच्या डोक्यात आलं असेल असं मला वाटत नाही.

भुसकटात आडव्या घालून बाटल्या आत गेल्या. त्याच सुमाराला मुलीनं पुण्यात मोठा फ्लॅट घेतला, त्यात एक खोली आमची. खिडकीतून टेकडी दिसते. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं की मी जाते, तुम्ही तुमच्या पेवावर बसा. त्या वेळी ह्यांनी जे म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"पेव उघडेपर्यंत थांब. उघडल्यावर तू चाखून सांग. तू नाही म्हणालीस तर बाग मुळासकट काढतो आणि येतो तुझ्याबरोबर. शब्द देतो."

"मी? मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही."

"म्हणूनच. बाकीचे सगळे माझं मन राखून बोलतात. तू आजवर कधी राखलंस?"

हे खरं होतं. लग्नाच्या पंगतीत मी आचाऱ्याला बोलावून मिठाचं सांगितलेलं आहे. स्वतःच्या विहिणीच्या पुरणपोळीला मी तोंडावर जाड म्हटलेलं आहे. माझ्या जिभेला सगळे भितात, पण ती खोटं बोलत नाही हेही सगळ्यांना माहीत आहे. ह्यांनी निवाडा तिच्यावर सोपवला. आणि मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की वाईन अमृत निघाली तरी मी नाही म्हणणार. आयुष्यात एकदा खोटं बोलायचं, तेही पुण्यासाठी. एवढं पुण्य माझ्या गाठीला नक्की होतं.

ती पाच वर्षं मी पाहुण्यासारखी काढली. नवं पातेलं घेतलं नाही, गादी भरून घेतली नाही, जास्तीची भांडी एकेक करून जाऊबाईंकडे देऊन टाकली. मुलीनं त्या खोलीत माझ्यासाठी कपाट करून घेतलं, त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला, तो मी सगळ्या गल्लीला दाखवला. हे मात्र रोज संध्याकाळी पेवावरच्या लिंपणाला तडा गेलाय का ते बघायला जायचे. पावसाळ्यात वर ताडपत्री टाकून शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. आत कुणी बाळंतीण आहे का, असं मी एकदा विचारलंही. त्यानंतरच्या वर्षांची वाईन मिळेल त्या किमतीला जात होती. जिल्ह्याचं नावही तेवढ्यात बदललं. बाटल्या आत गेल्या तेव्हा अहमदनगरच्या होत्या, बाहेर येणार होत्या अहिल्यानगरच्या. नगर ठळक लिहू नका म्हणणाऱ्या त्या कोटवाल्यांचा प्रश्न सरकारनंच सोडवून टाकला, असं मी ह्यांना म्हटलं. ते हसले नाहीत.

ठरल्या सालची दिवाळी झाली आणि एका सकाळी पेव उघडलं. लिंपण फोडून दगड बाजूला केला आणि आतली कोंडलेली हवा जावी म्हणून तोंड तसंच मोकळं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडला. आत हवा वाईट असली तर कंदील विझतो. तो विझला नाही. हे स्वतःच खाली उतरले. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. तांदळात खडा नव्हता, पण हाताला काहीतरी हवं होतं.

तेवढ्यात भावकी यायला लागली. दिरांनी आदल्या दिवशीच घरोघर निरोप धाडला होता, पेव उघडायचंय, या. आणि माणसं आली ती रिकाम्या हातानं कशी येतील? कुणी कळशी आणली, कुणी चरवी, कुणी दुधाची किटली. माझी एक चुलत जाऊ तर परात घेऊन आली, कारण तिच्या सासऱ्यांच्या काळी परातीत घेत असत. आत वाईन आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण पेव म्हटलं की मापटं, आणि मापटं आपल्या घराचं, हे त्याहून जास्त ठाऊक होतं. मी कपाळाला हात लावला.

ह्यांनी वर येऊन ते सगळं पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी सांगून लोकांना परत पाठवतील. त्यांनी खिशातून बूच काढायचा स्क्रू काढला आणि पहिली बाटली उघडून थोरल्या भावाच्या पुढ्यात ठेवली. दिरांनी घोंगडीवर बसून मापटं घेतलं आणि त्यात ती ओतली. रंग बदलला होता. आत गेली तेव्हा पाण्यासारखी होती, आता जुन्या तुपासारखी पिवळी. मापटं काठोकाठ भरलं आणि तिथं दीर अडले. रीतीप्रमाणे माप शिगेनं द्यायचं असतं, म्हणजे काठाच्या वर धान्याची रास यायला पाहिजे. वाईनची रास होईना. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी त्यावर गंभीरपणे चर्चा केली आणि शेवटी असं ठरलं की शिगेच्या बदल्यात प्रत्येकाला वर एक पळी. माझ्या स्वयंपाकघरातून पळी गेली, मला न विचारता.

बाटलीमागून बाटली उघडत होती आणि मापट्यातून कळशीत जात होती. एकीनं बोट बुडवून चाटलं आणि लगेच साखर मागितली. जाऊबाईंनी विचारलं, मटणात घातली तर चालंल का, चिंच वाचंल. एक चुलत सासरे भिंतीला टेकून आपला वाटा तिथंच पिऊन बसले आणि कुणाशी काही बोलेनात. परातवालीची वाईन परातीत सांडत-सांडत घराकडे गेली. सगळ्यात शेवटी दिरांनी स्वतःचं मापटं भरून घेतलं, त्यावर पळी घेतली, वर फडकं झाकलं. कुणीतरी हसून विचारलं, आण्णा, तुमी कवापासून?

"पिनार न्हाई," दीर म्हणाले. "पन हक्क सोडनार न्हाई."

मी ह्यांच्याकडे बघत होते. एकही मापटं देताना त्यांनी हात आखडला नाही. कुणाला साखर हवी तर साखर कुठं आहे ते सांगितलं. पाच वर्षं हा माणूस पेवाशेजारी खुर्ची टाकून बसला, आणि आता ती वाईन मटणात जाणार होती. चेहरा मात्र जसा सकाळी होता तसाच. मला राग यायला लागला. भावकीचा आला, दिरांचा आला, परातीचा आला, आणि असल्या वेळी गप्प बसणाऱ्या नवऱ्याचा तर फारच आला.

मग आमच्या घराची पाळी आली. ह्यांनी एक नवी बाटली उघडली आणि स्टीलच्या फुलपात्रात दोन बोटं ओतून माझ्यापुढे धरली. सगळे बघत होते. मी पदर सारखा केला आणि घोट घेतला.

पहिल्यांदा आंबट लागली, पण झोंबली नाही. माझ्या बरणीतल्या पाचव्या वर्षाच्या फोडीसारखी ती मऊ झाली होती. मग मधाचा वास आला, आणि मध म्हणून जीभ पुढे गेली तर तिथं गोड काही नाही. वाळलेली बोरं होती, भाजलेला जोंधळा होता, उन्हात तापलेल्या मुरमावर पाणी मारलं की येतो तो वास होता. मी घोट गिळला तरी ती गेली नाही. तोंडात तशीच राहिली, हळूहळू कमी होत. शेततळ्याचा तळ दिसत होता ते वर्ष मला आठवलं. मी आंघोळीचं पाणी बादलीत धरून शिव्या देत वेलींना नेऊन घालत होते ते वर्ष. मी ते सगळं विसरायला निघाले होते आणि ह्या माणसानं ते ठेवून दिलं होतं. माझ्या माहेरच्या कुठल्याही गोडाला अशी चव नव्हती. असली वस्तू मी आयुष्यात तोंडात घातली नव्हती, आणि मला नाही म्हणायचं होतं.

मी फुलपात्रात बघत राहिले. दिरांनी आपल्या भावाकडे बघून म्हटलं, इचार तिला, हाय का काई त्याच्यात. ह्यांनी मला विचारलं नाही. ते जवळ आले, फुलपात्र घ्यायच्या निमित्तानं वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"काही सांगू नकोस. मी जेसीबीवाल्याला कालच सांगितलंय, सोमवारी येतोय. तुझं ठरलेलं आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं. चारचौघांत तुला खोटं बोलायला लागू नये म्हणून."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला भोळा समजत होते. मला भयंकर राग आला, आणि रागाच्या मागोमाग रडू आलं, ते मला आवरता आलं नाही. भावकीला वाटलं, वाईन फारच वाईट निघाली. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

"फोन लावा त्याला," मी म्हटलं.

"कुणाला?"

"त्या जेसीबीवाल्याला. सोमवारी यायचं नाही म्हणून सांगा. बागेत पाऊल टाकलं तर माझ्याशी गाठ आहे."

ह्यांना आधी कळलंच नाही.  मग दिरांनी जमिनीवरून मापटं उचललं, झटकलं आणि व्यवहाराचा प्रश्न विचारला. पेवात अजून पुष्कळ बाटल्या राहिल्या होत्या, त्या आजच बाहेर काढायच्या का परत लिंपायचं? हे चाचरत म्हणाले की चांगली राहिली असेल तर अजून दहा वर्षं सहज राहील, जास्तच चांगली होईल, पण. पणच्या पुढे त्यांना जाता येईना. ते माझ्याकडे बघत होते.

दहा वर्षं म्हणजे किती ते मला कळत होतं. दहा वर्षांनी माझे गुडघे जिन्याचे राहणार नाहीत, लिफ्टच लागेल. मी फुलपात्रातला उरलेला घोट घेतला, तो पुरता संपेपर्यंत तोंडात धरला, आणि पदर खोचून उठले. दगड सरकवायला माणसं होतीच. शेणमाती मात्र मीच कालवायला बसले, कारण आमच्या घरातल्या पुरुषांची शेणमाती पातळ होते आणि पातळ लिंपणाला तडा जातो.

हात कोपरापर्यंत भरलेले होते तेव्हा मुलीचा फोन आला. तिला आजचा दिवस माहीत होता. ह्यांनी फोन माझ्या कानाला लावून धरला. तिनं वाईनचं काही विचारलं नाही, एकदम विचारलं, आई, मग कधी येताय? कपाट रिकामंच ठेवलंय मी. 

"दहा वर्षांनी," मी म्हटलं.

ते ऐकून हे माझ्या तोंडाकडेच बघायला लागले आणि फोन कानावरून निसटला. फोन नीट धरा, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले.